चौकटीबाहेरचे नऊ सेकंद

३ सप्टेंबर, बुधवार

सात तास चाळीस मिनिटं. स्वादुपिंडाचं डोकं, त्याला बिलगलेलं लहान आतड्याचं पहिलं वळण आणि पित्ताच्या नळीचं टोक, सगळं पोटावरच्या पाच भोकांतून सोडवलं आणि त्यातलं बेंबीखालचं एक चार बोटं वाढवून तिथून बाहेर काढलं. पेशंट ठीक आहे. मी नाही. उजवा खांदा ठणकतोय.

त्यातले सहा तास दुर्बीण माझ्या हातात होती. ऑपरेशन सर्जन करतो हे खरं, पण पोट न उघडता करायचं तर त्याला आतलं दिसतं ते मी दाखवीन तेवढंच, समोरच्या पडद्यावर. हत्याराच्या टोकामागे जायचं, टोक चौकटीच्या मधोमध ठेवायचं, चित्र कलू द्यायचं नाही आणि तोंड बंद ठेवायचं. हे काम खरं तर शिकाऊ डॉक्टरांचं. पण शिकाऊ डॉक्टर दोन वर्षांत निघून जातात, मी जात नाही. चोवीस वर्षं धरतेय. पित्ताशयातल्या खड्यांपासून सुरुवात केली तेव्हा सरांच्या डोक्यावर केस होते.

सर हल्ली फार टोकतात. "सिस्टर, सरळ." पाच मिनिटांनी पुन्हा, "सिस्टर, थोडं सरळ." चित्र सरळच होतं. वय झालं की माणूस किरकिरा होतो. चौथ्या तासाला त्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि सगळ्यांना पाच मिनिटं बसायला सांगितलं. पूर्वी हाच माणूस आठ तास पाण्याचा घोट न घेता उभा राहायचा. थकत चाललेत. कुणीतरी त्यांना स्पष्ट सांगायला हवं, पण त्यांच्याशी बोलायची कुणाची टाप आहे?

९ सप्टेंबर, मंगळवार

माझ्या टेबलावर कुणीतरी एक चकचकीत माहितीपत्रक ठेवून गेलं. दुर्बीण धरणारा यांत्रिक हात. टेबलाला अडकवायचा, पायानं चालवायचा. विक्रीवाले कुठेही घुसतात. चहाच्या किटलीखाली घातलं, ओटा खराब होणार नाही.

आमची शिकाऊ डॉक्टर, जिला मी मनातल्या मनात चष्मिश म्हणते, दुपारी सरावाच्या पेटीवर बसलेली दिसली. पेटीत रबराचे तुकडे, वर दुर्बीण. पडद्यावर एक घड्याळाचा काटा लावून ती तो उभाच्या उभा ठेवत होती.

"कुणी सांगितलं हे?" मी विचारलं.

"सरांनी. रोज एक तास." मग चाचरत म्हणाली, "तुम्ही शिकवाल का, सिस्टर? तुमच्यासारखं कुणालाच येत नाही."

लोणी लावायची ही पद्धत मला माहीत आहे. "आधी सुटलेली वेणी टोपीत घाल," म्हटलं आणि आले. सरांना पोरीबाळींचं कौतुक करायची हौस कधीपासून लागली कोण जाणे.

घरी आल्यावर ह्यांनी दारातच विचारलं, "खांदा कसा आहे?" म्हटलं, "जागेवर आहे." हे हसले आणि न बोलता कणीक मळायला घेतली. रोज मी मळते. निवृत्त झाल्यापासून ह्यांना वेळ जात नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

परवा, बुधवारी जिचं ऑपरेशन आहे ती पेशंट भेटली. बावन्न वर्षांची, शिवणकाम करणारी. बारीक चण, डोळे हळदीसारखे पिवळे, खाजवून खाजवून हातांवर ओरखडे. पित्ताची नळी लहान आतड्यात जिथे उघडते तिथेच गाठ आहे. लवकर सापडली, हे तिचं नशीब. सोबत धाकटी बहीण, जी प्रत्येक वाक्याची सुरुवात "अक्का" अशी करते.

सरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. काय काढणार, मग स्वादुपिंड, पित्ताची नळी आणि जठर तिन्ही पुन्हा आतड्याला कसे जोडणार. टेलरबाईंनी चित्र आपल्याकडे फिरवून घेतलं.

"आणि हे सगळं एवढ्याशा भोकातून?"

"पाच भोकांतून," सर म्हणाले.

"म्हणजे काजातून हात घालून आख्खा कोट शिवायचा म्हणा की!"

सर मोठ्यानं हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

"टाके किती?" तिनं विचारलं.

"आतले पन्नासेक."

"दोरा कुजणारा का राहणारा?"

"काही विरघळणारे, काही राहणारे."

"आणि उसवलं तर?"

बहिणीनं तिचा दंड धरला. "अक्का, असं बोलू नये!"

"का? मी गिऱ्हाईक आहे. विचारणार."

सरांनी नीट उत्तर दिलं. स्वादुपिंडाची शिवण उसवू शकते, रस गळतो, म्हणून नळी ठेवतो, रोज तो रस तपासतो. रक्तस्राव होऊ शकतो. गरज पडली तर ऑपरेशन मध्येच थांबवून पोट उघडतो. बाईंनी प्रत्येक गोष्टीला मान हलवली. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही काय करणार?"

"मी दुर्बीण धरते."

"म्हणजे दिवा धरणारी. दिवा हलला तर माझा टाका चुकतो, बाई."

"माझा हलत नाही," मी म्हटलं.

बाई आवडली मला. प्रश्न प्रश्नासारखा विचारते.

१७ सप्टेंबर, बुधवार

आठ तास दहा मिनिटं. संपलं एकदाचं. गाठ संपूर्ण निघाली, कडा स्वच्छ वाटतात, रक्त फारसं गेलं नाही. सरांनी नीट काम केलं.

सकाळी निघतानाच दुखण्याची गोळी घेतली होती, अकराला दुसरी घेतली. पाच तास उलटल्यावर आम्ही स्वादुपिंडाच्या मागच्या बाजूला होतो. तिथे एका मोठ्या शिरेच्या अंगावरून बारीक बारीक फांद्या सोडवाव्या लागतात. एक तुटली की पडदा लाल. श्वास रोखून करायचं काम. चष्मिश कुजबुजली, "सिस्टर, मी थोडा वेळ घेऊ का?"

"आत्ता? इथे?" मी इतकंच म्हटलं. तिनं पुढे केलेला हात मागे घेतला.

भूलवाले डॉक्टर पेशंटच्या डोक्याकडच्या कापडामागून म्हणाले, "सिस्टर, स्टूल देऊ का? उंच आहे, बसल्यासारखं वाटणार नाही." या माणसाला कायम थट्टा सुचते. म्हटलं, "तुमचं झोपवायचं काम पेशंटपुरतं ठेवा." सगळे हसले. सर हसले नाहीत.

एकदा खांद्यात कळ आली आणि चित्र जरासं घसरलं, ते मी लगेच जागेवर आणलं. सर फक्त "सिस्टर" म्हणाले. 'सरळ' म्हणाले नाहीत, ओरडले नाहीत. हे मला जास्त लागलं. ओरडायचं तर ओरडावं माणसानं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

टेलरबाई शुद्धीवर. पोटावरच्या पट्ट्या मोजल्या. "पाचच?" म्हणाल्या. "मला वाटलं, हिशेबात एखादं काज जास्त पडेल."

घरी येऊन अंग टाकलं ते जेवायलाही उठले नाही. हे ताट घेऊन आले. मी डाव्या हातानं जेवले. हे बघत होते, बोलले नाहीत. न बोलणारी माणसं फार दमवतात.

२० सप्टेंबर, शनिवार

टेलरबाईंना ताप. नाडी एकशेवीस. पोट दुखतंय, तेही भलत्याच बाजूला, डावीकडे. सगळ्यांना वाटलं, स्वादुपिंडाची शिवण उसवली. पण नळीतलं पाणी तपासलं तर त्यात स्वादुपिंडाचा रस नावालाही नाही. सरांनी अहवालाचा कागद उलटसुलट करून पाहिला.

"मग हे काय आहे?" ते स्वतःशीच म्हणाले.

संध्याकाळी स्कॅन झाला. पोटात डावीकडे हवा आणि घाण पाणी. उद्या सकाळी पुन्हा ऑपरेशन थिएटर, म्हणजे आमची ओटी.

२१ सप्टेंबर, रविवार

या वेळी दुर्बीण नाही. पोट उघडलं, वरपासून खालपर्यंत.

आमच्या पन्नास टाक्यांपैकी एकही उसवला नव्हता. तिन्ही जोड शाबूत. भोक होतं मोठ्या आतड्याला, जिथे आमचं काहीच काम नव्हतं तिथे. मसुराच्या डाळीएवढं. कडा पांढुरक्या, भाजल्यासारख्या.

सगळ्यांना कळलं. आम्ही कापण्यासाठी जी कात्री वापरतो ती कापतानाच रक्तवाहिनी बंद करते. पातं तापतं आणि काम झाल्यावरही काही सेकंद तापलेलं राहतं. आम्ही तिला नुसती 'गरम' म्हणतो. गरमचं टोक आतड्याला टेकलं असणार. लगेच भोक पडत नाही. भाजलेला भाग तीन दिवसांनी मरतो आणि गळतो.

सरांनी भोक शिवलं, पोट पाच वेळा धुतलं. शिवण भरून येईपर्यंत तिथून काही जायला नको, म्हणून वरचं आतडं पोटावर बाहेर काढून पिशवी लावली. तीन महिन्यांनी ती आत जाईल, सगळं सुरळीत झालं तर. बाई आयसीयूत आहेत. नळी घशात, रक्तदाब औषधावर.

बाहेर बहिणीनं मला धरलं. "सिस्टर, अक्का वाचेल ना?"

"प्रयत्न चालू आहेत," म्हटलं. हे वाक्य मी पस्तीस वर्षं म्हणतेय. आज ते तोंडात चिकटलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सरांनी नोंदवहीत लिहिलं: 'सर्जनच्या हत्याराचा नजरेबाहेर आतड्याला स्पर्श. जबाबदारी सर्जनची.' खाली सही. बहिणीलाही त्यांनी स्वतः तसंच सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "निदान तुम्ही सांगितलंत तरी."

बाईंचा रक्तदाब जरा सावरला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

दर ऑपरेशनचं रेकॉर्डिंग होतं आणि त्यावर वेळांच्या खुणा करायचं काम माझं. एरवी दुसऱ्या दिवशी करते. हे आठ दिवस पडून होतं. आज कॉम्प्युटरच्या खोलीत दार लावून बसले.

पाच तास एकेचाळीस मिनिटं. गरमनं एक फांदी कापली. मग चित्र हळूहळू उजवीकडे कलतं, खाली घसरतं, आणि गरमचं टोक डाव्या कडेनं चौकटीबाहेर जातं. पडद्याच्या कडेला शीर, बाकी नुसती चरबी, पिवळी, संथ. नऊ सेकंद. मग सरांचा आवाज, "सिस्टर." चित्र परत येतं. टोक आहे. सगळं ठीक दिसतंय.

त्या नऊ सेकंदांत काय झालं ते कुणालाच दिसणार नाही. रेकॉर्डिंगमध्ये ते नाहीच. म्हणून तर झालं.

मी ते अकरा वेळा पाहिलं. मला वाटत होतं की चित्र 'जरासं' घसरलं आणि 'लगेच' आणलं. मी तसंच लिहिलंय, मागे जाऊन वाचलं. नऊ सेकंद मोजून पाहावेत. फार मोठे असतात.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दिवसभर स्वतःशी भांडले.

नियम असा की टोक दिसत नसेल तर सर्जननं हात जागच्या जागी थांबवायचा. हे पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणजे चूक सरांची. ते त्यांनीच लिहून दिलंय. मी कशाला मध्ये पडू? माझी दीड वर्षं राहिलीत.

पण हात थांबवायचा तर टोक गेलंय हे कळायला हवं. त्या घडीला सरांची नजर शिरेवर होती. शिरेवरून नजर काढली असती तर बाई टेबलावरच गेल्या असत्या. टोकाची राखण माझी होती. चोवीस वर्षं माझी होती.

घरी भिंतीवर कॅलेंडर लावलं. हे म्हणाले, "जरा डावीकडून वर घे." म्हटलं, "सरळ आहे." हे स्टुलावर चढले, नीट केलं आणि उतरले. मी विचारलं, "किती दिवस असं चाललंय?" म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "काही नाही."

२८ सप्टेंबर, रविवार

सुट्टी असून गेले. या वर्षाची सगळी मोठी ऑपरेशनं काढली आणि फक्त आवाज ऐकत बसले. कागदावर रेघा मारल्या.

जानेवारीत सर दोनदा 'सरळ' म्हणाले. मार्चमध्ये पाच वेळा. जूनमध्ये चौदा. तीन सप्टेंबरला सव्वीस वेळा. सतराला एकोणतीस.

रेघांपेक्षा आवाजानं जास्त त्रास दिला. जानेवारीतला आवाज करडा आहे, जसा ते सगळ्यांशी बोलताना लावतात. जूनमध्ये तो उतरतो. सप्टेंबरमध्ये लहान मुलाचं बोट धरावं तसा मऊ. आणि चौथ्या तासाची विश्रांती जुलैपासून सुरू होते. जुलैत मी रजेवर होते त्या एका ऑपरेशनात विश्रांती नाही. सलग सात तास.

मी त्यांना थकलेला म्हातारा समजत होते.

कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

३० सप्टेंबर, मंगळवार

टेलरबाईंची घशातली नळी निघाली. बोलता येत नाही, नुसत्या बघतात. त्यांच्या खोलीवरून जाताना मी फाइलमध्ये डोकं घालून जाते. तीनदा तसं केलं. शरम वाटते, पण केलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

गुंतागुंतीच्या केसेसची मासिक बैठक. अकरा माणसं. सरांनी आपली नोंद वाचून दाखवली, दोन मिनिटांत संपवली. "काही प्रश्न?" कुणाला नव्हते. सगळे खुर्च्या सरकवायला लागले.

मी उभी राहिले. "नोंद चुकीची आहे."

"सिस्टर, नोंद झालेली आहे," सर म्हणाले.

"चुकीची झालेली आहे. दुर्बीण घसरली. टोक नऊ सेकंद चौकटीबाहेर होतं. माझा खांदा दुखत होता, मी गोळ्या घेतल्या होत्या आणि कुणाला सांगितलं नव्हतं. सहा महिने माझं चित्र कलतंय." कागद काढला आणि रेघा वाचून दाखवल्या. आवाज कुठेही कापला नाही. प्रयोगशाळेचा अहवाल वाचावा तसं वाचलं.

चष्मिश टेबलाकडे बघत होती. भूलवाल्या डॉक्टरांना पहिल्यांदाच थट्टा सुचली नाही.

बैठक संपल्यावर सरांची जिन्यात गाठ पडली. मला वाटलं, चिडतील. चिडलेच.

"काय गरज होती? मी निभावून नेलं असतं!"

"काय निभावलं असतं? पुढचा पेशंट?"

ते पायरीवर बसले. सत्तावन्न वर्षांचा माणूस, जिन्यात. "मला मार्चमध्येच दिसलं होतं," म्हणाले. "सांगणार होतो. रोज ठरवायचो. ते पत्रक ठेवलं तुमच्या टेबलावर. पोरीला तयार करत होतो. तुमच्यासमोर उभं राहून बोलायला मात्र..."

"मात्र काय?"

"घाबरतो मी तुम्हाला, सिस्टर. सगळेच घाबरतात. तुम्हाला माहीत नाही?"

नव्हतं माहीत. मला वाटायचं, मान देतात.

"मी शिस्त लावली या ओटीला," मी म्हटलं.

"लावलीत ना. म्हणून तर तुम्हाला कुणी बोललं नाही." मग म्हणाले, "चूक माझीही आहे. पहिली माझीच. मी सर्जन आहे, मला भीती परवडत नाही."

दोघं तिथेच होतो, मी उभी, ते बसलेले. खालून कुणीतरी स्ट्रेचर ढकलत गेलं. आम्ही रस्त्यात नव्हतो, तरी दोघांनी पाय आत घेतले.

४ ऑक्टोबर, शनिवार

ठरलं ते असं. दुर्बीण धरणारा दर दोन तासांनी बदलायचा, कुणीही असो. टोक दिसत नसेल तर खोलीतल्या कुणीही, अगदी सफाईवाल्या मावशींनीही, 'टोक नाही' असं मोठ्यानं म्हणायचं. मी खांदा बरा होईपर्यंत दुर्बीण धरायची नाही. चष्मिशला शिकवायचं. खांदेवाल्या डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला, तो कानापर्यंत गेला नाही. "हे वर्षभराचं दुखणं आहे," म्हणाले. "इतके दिवस काय करत होतात?"

पेशंटला खरं सांगायचं हेही ठरलं. सर म्हणाले, मी सांगतो. म्हटलं, नको.

६ ऑक्टोबर, सोमवार

सांगितलं. बाई उशाला टेकून बसल्या होत्या. अर्ध्या झाल्यात. बहीण शेजारी.

मी उभ्यानंच सांगितलं, बैठकीत सांगितलं तसंच. नऊ सेकंद, खांदा, गोळ्या. "तुम्ही विचारलं होतं आणि मी म्हटलं होतं, माझा हलत नाही. तेव्हाही हलत होता."

बाईंनी ऐकून घेतलं. मग तोंड भिंतीकडे केलं.

बहीण उठली. आवाज चढवला नाही. "आता जा तुम्ही," म्हणाली. "आणि या खोलीत येऊ नका."

आले. हात धुतले, उगीचच दोनदा. हे आज न विचारताच मला घ्यायला आले होते. स्कूटरवर मागे बसल्यावर डोकं त्यांच्या पाठीला टेकलं. रस्त्यात असं मी कधी करत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पहिल्यांदा ऑपरेशनच्या वेळी मोकळ्या हातानं उभी राहिले. दुर्बीण चष्मिशकडे. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. दोनदा चित्र कललं, दोनदा तिनं स्वतःच "सरळ करते" म्हणून सरळ केलं. हे मला कधी सुचलं नव्हतं, आपणच म्हणायचं.

"ठीक होतं," मी नंतर म्हटलं. तिनं चष्मा काढून पुसला. ठीक म्हणण्यात रडण्यासारखं काय आहे, कळलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी वॉर्डातून निरोप. टेलरबाईंनी 'त्या कडक सिस्टरना' बोलावलंय. मला वाटलं, तक्रारीच्या अर्जावर सही हवी असेल. पेन घेऊन गेले.

बहीण औषधं आणायला खाली गेली होती. खोलीत वास. पिशवी गळत होती, चादर ओली.

"दिवसात तिसरी," बाई म्हणाल्या. आवाज अजून घोगरा आहे. "तुमच्या मुली चकतीला भोक कापतात ते बघा."

बघितलं. पिशवीची चिकट चकती पोटावर बसते, तिला आतड्याच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडावं लागतं. मुलींनी ढोबळ गोल कापलं होतं. आतड्याचं तोंड गोल नाही, एका बाजूला चपटं आहे. फटीतून गळतं आणि कातडी सोलवटते.

"मी कापते," म्हटलं.

"तुम्ही नाही. बसा तिथे." त्यांनी मला खुर्ची दाखवली. मी बसले. पेशंटच्या खोलीत मी बसत नाही.

"एक सांगा," त्या म्हणाल्या. "दुखत होतं तर बोलला का नाहीत?"

तीन दिवस या प्रश्नाची वाट पाहत होते. जे उत्तर होतं ते दिलं. "मला वाटलं, माझ्याशिवाय कुणाला जमणार नाही."

"हं." त्यांनी ओली चादर पायाकडे सारली. "मलाही वाटायचं. खाज सुरू झाली तेव्हा शाळेच्या चाळीस गणवेशांचं काम अंगावर होतं. दोन महिने खाजवत मशीन चालवली, डॉक्टरकडे गेले नाही. आता माझ्या हाताखालची मुलगी करतेय. चाळीसच्या चाळीस दिलेत पोरीनं. एक बाही उलटी नाही." तोंड कडू केलं. "इतका राग आला मला तिचा!"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"माफबिफ मी केलेलं नाही हां. पोटाला पिशवी आहे माझ्या. तीन महिने राहणार. तुम्ही खरं बोललात म्हणून ती सुटत नाही."

"नाही सुटत."

"आणि पुन्हा उघडतील तेव्हा जे व्हायचं ते होईल. आत्ता ती कात्री द्या इकडे. ती नको, बारीक टोकाची."

दिली. नवी चकती काढली, माप घेतलं. मापाच्या कागदावर बाईंनी स्वतः रेघ ओढली, चपट्या बाजूला किंचित आत. डाव्या हाताला सलाइन होतं, त्यामुळे चकती धरता येईना.

"धरा," म्हणाल्या. "ताणून धरा. हलवू नका."

दोन्ही हातांत धरली, त्यांच्या छातीच्या उंचीला, उजेडाकडे. कात्री सावकाश फिरू लागली. अशक्त हात, पण रेघेला सोडत नव्हता. पाव गोल झाला. अर्धा झाला. माझ्या खांद्यात कळ उठली, कोपरापर्यंत आली. चकतीची कड थरथरली असावी, कारण बाईंनी कात्री थांबवली आणि वर बघितलं.

"दुखतंय," मी म्हटलं. "थांबा. हात बदलते."

त्या थांबल्या.